भाडे, विजेचे बिल आणि वस्तीत टिकून राहण्याचा प्रश्न

घर परवडते की नाही याचा हिशेब आपण बहुतेकदा भाड्यापाशी किंवा कर्जाच्या हप्त्यापाशी थांबवतो. प्रत्यक्षात कुटुंबाच्या हातून दर महिन्याला जे पैसे जातात त्यांत भाड्याखेरीज वीज, घर उबदार किंवा गार ठेवण्यासाठी लागणारे इंधन, पाणी, दुरुस्ती आणि कामाच्या ठिकाणी जाण्यायेण्याचा खर्च हेही असतात, आणि यांतला बराचसा खर्च घर कसे बांधले आहे व कोठे बांधले आहे यावरूनच ठरून गेलेला असतो. दोन घरांचे भाडे अगदी सारखे असले, तरी एकाचे छत दिवसभर तापून रात्रभर ती उष्णता खोलीत सोडत असेल आणि दुसऱ्याचे तसे नसेल, तर त्या दोन घरांत राहण्याची किंमत सारखी नसते. असे असूनही स्वस्त घरांची योजना एक खाते आखते, ऊर्जाबचतीची दुसरे आणि जुन्या वस्त्या सुधारण्याची तिसरे. या तिन्ही गोष्टी मुळात एकाच प्रश्नाचे भाग आहेत, असे मला वाटते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला आरोग्यपूर्ण घरात, ओळखीच्या वस्तीत, वर्षानुवर्षे टिकून राहता येते का, हा तो प्रश्न.

हिशेबात काय धरायचे

अमेरिकेत १९६९ मध्ये सार्वजनिक घरांच्या भाड्यावर कुटुंबाच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली आणि १९८१ मध्ये ती ३० टक्के करण्यात आली. उत्पन्नाचा ३० टक्के हिस्सा हा परवडणाऱ्या घराचा ढोबळ निकष त्यानंतर इतर अनेक देशांतही वापरला जाऊ लागला. त्या मूळ व्यवस्थेत वीज आणि इंधनाचा वाजवी खर्च भाड्याबरोबरच मोजला जातो, ही गोष्ट मात्र निकष उसना घेताना पुष्कळदा गळून पडते. शिकागोतील सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेने याच्याही पुढे जाऊन घर आणि प्रवास यांचा एकत्रित खर्च मोजण्याची पद्धत बसवली आणि त्यासाठी उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांची मर्यादा सुचवली. शहरापासून दूर, स्वस्त जमिनीवर बांधलेले घर पहिल्या निकषात उत्तीर्ण होते आणि दुसऱ्यात अनुत्तीर्ण होऊ शकते, कारण भाड्यात वाचलेले पैसे रोजच्या प्रवासात खर्च होतात.

ब्रिटनमध्ये ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ मध्ये ऊर्जा-दारिद्र्याची जी व्याख्या मांडली ती अजूनही मार्गदर्शक आहे. घर पुरेसे उबदार ठेवण्यासाठी आणि इतर गरजेच्या वापरासाठी ज्या कुटुंबाला उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम ऊर्जेवर खर्च करावी लागेल, ते कुटुंब ऊर्जा-दरिद्री समजावे, असे तिचे सूत्र होते. येथे प्रत्यक्षात भरलेले बिल मोजलेले नाही. गरज भागवायची तर किती बिल येईल, हे मोजलेले आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. थंडीत हीटर बंद ठेवणाऱ्या किंवा उकाड्यात पंखाही जपून लावणाऱ्या घराचे बिल लहान असते, आणि केवळ बिलांकडे पाहणाऱ्याला ते घर काटकसरी वाटते. त्या लहान बिलाची उरलेली किंमत मुलांच्या खोकल्यात, वृद्धांच्या आजारपणात आणि झोप न झालेल्या रात्रींत भरली जात असते.

उष्णता कोणत्या वाटेने येते आणि जाते

उपाय समजून घ्यायचे तर आधी उष्णतेचे वागणे समजून घ्यावे लागते. घराच्या बाबतीत तिच्या मुख्य वाटा तीन आहेत. ती भिंती, छत आणि जमीन यांच्यातून वाहत जाते. उन्हाच्या रूपाने काचेतून थेट आत शिरते. आणि दारे-खिडक्यांच्या फटींतून हवेबरोबर ये-जा करते. थंड प्रदेशात आतली उष्णता बाहेर जाऊ द्यायची नसते आणि उष्ण प्रदेशात बाहेरची आत येऊ द्यायची नसते, परंतु वाटा त्याच असल्यामुळे बरेचसे उपायही दोन्हीकडे लागू पडतात.

पहिल्या वाटेचा विचार करताना साहित्याच्या जाडीपेक्षा त्याचा गुणधर्म अधिक निर्णायक ठरतो. काँक्रीटमधून उष्णता सहज वाहते. पॉलिस्टायरीन (थर्माकोल) किंवा खनिज लोकर यांसारख्या उष्णतारोधक साहित्यात हवेचे असंख्य बारीक कप्पे अडकलेले असतात आणि स्थिर हवा उष्णतेला फार कमी वाट देते. त्यामुळे अवघ्या ४ सेंटिमीटर जाडीचा असा थर उष्णतेला जेवढा अडवतो, तेवढे अडवण्यासाठी साधारण दीड मीटर जाडीची काँक्रीटची भिंत लागेल. हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकची (हवेचे बुडबुडे मिसळून केलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत याच कारणाने तेवढ्याच जाडीच्या विटांच्या भिंतीपेक्षा साधारण चौपट रोध देते. मात्र रोधक थर सलग असावा लागतो. खोलीचा स्लॅब तसाच पुढे वाढवून बाल्कनी काढली असेल, तर रोधक थर ओलांडून उष्णता त्या काँक्रीटमधून बाहेर वाहते, आणि थंड प्रदेशात नेमक्या त्याच कोपऱ्यात भिंत गार पडून ओल धरते व तिच्यावर बुरशी येते.

जड भिंतींचा उपयोग वेगळा आहे. दगड, वीट किंवा काँक्रीट उष्णता अडवत नसले तरी ती साठवून ठेवतात, आणि जेथे दिवस तापतात पण रात्री चांगल्या गार होतात, तेथे रात्री खिडक्या उघडून भिंती थंड करून घेतल्या तर दुसऱ्या दिवशीची उष्णता आत पोहोचायला उशीर होतो. दमट हवेच्या प्रदेशात रात्रही गार होत नाही, त्यामुळे हा लाभ तिथे फारसा मिळत नाही आणि वारा खेळता ठेवणे हाच मुख्य उपाय उरतो.

उष्ण प्रदेशात सर्वांत आधी लक्ष द्यावे ते छताकडे, कारण भर दुपारचे ऊन भिंतींपेक्षा छतावर अधिक सरळ पडते, आणि पत्र्याखाली किंवा शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबांना त्याचा सगळा भार सोसावा लागतो. गडद रंगाचे छत त्याच्यावर पडलेल्या उन्हाचा बहुतांश भाग शोषून घेते, तर ताजा पांढरा परावर्तक रंग सुमारे चार-पंचमांश भाग परत फेकू शकतो. हा उपाय इतका स्वस्त आणि इतका सोपा आहे की तो करण्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहायचे कारण नाही. धूळ बसून त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून छत वेळोवेळी धुणे आणि काही वर्षांनी रंगाचा नवा हात देणे मात्र लागतेच.

खिडकीच्या बाबतीत एकच नियम ध्यानात ठेवावा. ऊन काच ओलांडून आत येण्यापूर्वीच त्याला अडवले पाहिजे. आतून लावलेला पडदा प्रकाश अडवतो, पण तोवर उष्णता घरात आलेली असते. बाहेरचा छज्जा, लाकडी झडप किंवा जाळीदार पडदी हे काम कितीतरी अधिक चांगले करते.

तिसरी वाट फटींची. इमारत किती गळते हे मोजण्यासाठी दारात पंखा बसवून आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण करतात आणि तासाभरात घरातली हवा किती वेळा बदलते हे पाहतात. जर्मनीतील डार्मश्टाटजवळच्या क्रानिश्टाइन वसाहतीत १९९१ मध्ये वोल्फगांग फाइस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार जोडघरांची जी ओळ पूर्ण केली, तिच्यातून पुढे पॅसिव्ह हाउस हे मानक तयार झाले. त्या मानकानुसार या चाचणीत हवा तासाला ०.६ वेळेपेक्षा अधिक बदलता कामा नये आणि घर उबदार ठेवण्यासाठी वर्षाला दर चौरस मीटरमागे १५ किलोवॉट-तासांहून अधिक ऊर्जा लागता कामा नये. असे घट्ट घर बांधल्यावर ताज्या हवेची सोय मात्र मुद्दाम करावीच लागते. बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारी वायुवीजन यंत्रणा त्यासाठी असते. फटी बुजवायच्या आणि वायुवीजन विसरायचे, ही चूक जुन्या घरांच्या दुरुस्तीत वारंवार होते आणि तिची फळे ओल, बुरशी व श्वसनाचे विकार यांच्या रूपाने मिळतात.

यावरून कामाचा क्रमही ठरतो. आधी घराची गरज कमी करावी, मग ती भागवणारे यंत्र निवडावे आणि शेवटी छतावरच्या सौरपट्ट्यांचा विचार करावा. चांगल्या हवामानात हीट पंप एक एकक वीज वापरून सुमारे तीन एकके उष्णता घरात आणू शकतो, कारण तो उष्णता निर्माण न करता बाहेरून आत नेतो. पण गळक्या घरात त्याच कामासाठी मोठा आणि महाग पंप लागतो, त्यातून अधिक तापलेले पाणी काढावे लागते आणि त्याची कार्यक्षमता घसरते. उलट क्रमाने केलेली कामे दिसायला आधुनिक दिसतात, पण महिन्याचे बिल पाहिजे तेवढे उतरवत नाहीत.

नवे घर बांधताना

नव्या बांधकामात निम्मे काम कागदावरच होते, आणि त्या टप्प्यावर घेतलेल्या निर्णयांचा खर्च जवळपास नसतो. इमारतीची लांब बाजू कोणत्या दिशेला ठेवायची, खिडक्या समोरासमोर येतील का, दोन इमारतींत किती अंतर ठेवले म्हणजे हिवाळ्यात खालच्या मजल्यापर्यंत ऊन पोहोचेल, हे प्रश्न आराखडा काढतानाच सुटतात. पुढे ते कोणत्याही यंत्राने नीट सुटत नाहीत.

इंग्लंडमधील नॉरिच शहराच्या नगरपरिषदेने गोल्डस्मिथ स्ट्रीट येथे बांधलेली सुमारे शंभर घरे याचे मला आवडणारे उदाहरण आहे. ही भाड्याची सामाजिक घरे, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सवलतीच्या भाड्याची घरे आहेत, पॅसिव्ह हाउस मानकानुसार बांधलेली आहेत, आणि २०१९ मध्ये त्यांना ब्रिटनचा वास्तुकलेसाठीचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. मिखाइल रिचेस या वास्तुविशारद संस्थेने घरांच्या ओळी दक्षिणाभिमुख ठेवल्या, छपरांना असा उतार दिला की मागच्या ओळीचे ऊन अडणार नाही, आणि पत्रपेट्यासुद्धा दारात न बसवता बाहेरच्या ओसरीत बसवल्या, जेणेकरून दाराला फट राहू नये. त्याच आराखड्यात मोटारी वसाहतीच्या कडेला ठेवून घरांच्या मागच्या बाजूला मुलांना खेळता येईल अशी सामायिक वाट काढली आहे. ऊर्जेची बचत आणि शेजाराची रचना एकाच हाताने केली की काय साधते, हे तिथे दिसते.

उष्ण प्रदेशातले उदाहरण राजकोटचे घेता येईल. तिथे स्मार्ट घर-३ या, हजाराहून अधिक परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पात भारत-स्वित्झर्लंड सहकार्यातून आराखडा तपासला गेला. सरकत्या खिडकीची एका वेळी निम्मीच जागा उघडते, म्हणून जवळपास पूर्ण उघडणाऱ्या झडपांच्या खिडक्या घेतल्या गेल्या आणि त्यांचा काही भाग काचेऐवजी अपारदर्शक ठेवला गेला. दोन घरांमधल्या सेवा-वाहिन्यांच्या मोकळ्या जागेचा उपयोग खोल्यांतली हवा वर ओढून घेण्यासाठी करण्यात आला. यांतली कोणतीही गोष्ट चैनीची नाही.

उभ्या असलेल्या घरांचे काय

युरोपीय आयोगाच्या अंदाजानुसार युरोपात आज उभ्या असलेल्या इमारतींपैकी ८५ ते ९५ टक्के २०५० मध्येही उभ्या असतील. वेगाने वाढणाऱ्या शहरांत हे प्रमाण कमी असणार, तरीही जुनी घरे सुधारल्याशिवाय कमी उत्पन्नाच्या बहुसंख्य कुटुंबांपर्यंत ऊर्जाबचत पोहोचणार नाही, हे सर्वत्र खरे आहे. शिवाय इमारत पाडणे म्हणजे तिच्यात एकदा खर्च झालेली ऊर्जा फेकून देणे होय. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे. म्हणून पाडून बांधण्याआधी सुधारता येते का, हे प्रामाणिकपणे तपासले पाहिजे.

फ्रान्समधील बोर्दो शहराच्या ग्राँ पार्क भागात हे तपासले गेले. १९६० च्या दशकात बांधलेल्या, एकूण ५३० घरांच्या तीन लांबलचक इमारती होत्या. वास्तुविशारद आन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल यांनी फ्रेदेरिक द्रुओ व क्रिस्तोफ हुतँ यांच्यासह त्या न पाडता प्रत्येक घराला बाहेरून सुमारे ३.८ मीटर खोल अशी काचेने बंद होणारी सज्जाची खोली जोडली. हिवाळ्यात ही खोली ऊन साठवून घराला ऊब देते आणि उन्हाळ्यात ती उघडून सावली व वारा मिळतो. घरांचे क्षेत्रफळ वाढले, ऊर्जेचा वापर घटला, काम चालू असताना रहिवासी आपापल्या घरांतच राहिले आणि त्यांचे भाडे वाढवले गेले नाही. या कामाला २०१९ मध्ये युरोपीय संघाचा वास्तुकलेसाठीचा मीस फान डेर रोहे पुरस्कार मिळाला आणि लाकातों व वासाल यांना २०२१ चा प्रित्झकर पुरस्कार. पुरस्कारांपेक्षा मला एका गोष्टीचे महत्त्व अधिक वाटते: ज्यांच्यासाठी काम केले ती माणसे एक दिवसही वस्तीबाहेर गेली नाहीत.

नेदरलँड्समध्ये एनर्जीस्प्राँग या कार्यक्रमाने वेगळा मार्ग काढला. एकाच साच्याच्या जुन्या घरांच्या ओळींचे अचूक मोजमाप घेऊन उष्णतारोधक भिंती आणि छते कारखान्यात तयार करायची, आणि थोड्या दिवसांत ती घराच्या बाहेरून चढवायची, अशी ती पद्धत आहे. वर्षभरात घर जेवढी ऊर्जा वापरते तेवढी स्वतःच निर्माण करील, असे उद्दिष्ट ठेवले जाते. मोठ्या संख्येने एकसारखी घरे असतील तरच हे आर्थिकदृष्ट्या जमते. सुटी, वेड्यावाकड्या आकाराची जुनी घरे या साच्यात बसत नाहीत.

येथे सुरक्षेविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या सामाजिक घरांच्या इमारतीचे नूतनीकरण करताना बाहेरून उष्णतारोधक थर आणि आवरण बसवण्यात आले होते. ते आवरण ज्वलनशील होते. १४ जून २०१७ रोजी लागलेली आग त्या आवरणावरून वर चढत गेली आणि ७२ जणांचा मृत्यू झाला. ऊर्जाबचतीच्या कामात साहित्य आगीत कसे वागते, मजल्यामजल्यांत आग रोखणारे पट्टे नीट बसवले आहेत का, आणि रहिवाशांनी आधी दिलेल्या तक्रारींची दखल घेतली गेली का, हे प्रश्न बचतीच्या आकड्यांच्या आधी विचारले गेले पाहिजेत. कमी उत्पन्नाच्या वस्तीत साहित्य स्वस्तात मिळवण्याचा मोह अधिक असतो, म्हणून तिथे तपासणी अधिक कडक हवी.

पैसे कोण घालतो, लाभ कोणाला

इतके उपाय माहीत असूनही ते होत का नाहीत, याचे मोठे कारण तांत्रिक नाही. भाड्याच्या घरात छतावर किंवा भिंतींवर खर्च करायचा तो घरमालकाने, आणि बिल कमी होऊन वाचतात ते भाडेकरूचे पैसे. मालकाला खर्च करण्याचे कारण उरत नाही, आणि भाडेकरूला दुसऱ्याच्या मालमत्तेत पैसे घालण्याचे. ही कोंडी फोडण्याचे मार्ग वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळे निवडले आहेत, आणि ते सारखे न्याय्य नाहीत.

जर्मनीने मालकाला आधुनिकीकरणाच्या खर्चाचा काही टक्के हिस्सा दरवर्षीच्या भाड्यात कायमचा मिळवण्याची मुभा दिली. हा हिस्सा ११ टक्के होता. २०१९ पासून तो ८ टक्के करण्यात आला आणि सहा वर्षांत एकूण किती वाढ करता येईल यावरही मर्यादा आली. एक कल्पित हिशेब करून पाहू. एका घरामागे २४,००० युरो खर्च झाला, तर ८ टक्क्यांप्रमाणे वर्षाला १,९२० म्हणजे महिन्याला १६० युरो भाडे वाढते. बिलात महिन्याला ६० युरो वाचले, तर भाडेकरूला घर अधिक ऊबदार मिळूनही महिन्याला १०० युरो जास्त मोजावे लागतात. ज्याला ते झेपत नाही तो घर सोडतो. अशा वेळी ऊर्जाबचतीचे काम हेच विस्थापनाचे साधन बनते, आणि हे मला या संपूर्ण विषयातले सर्वांत गंभीर संकट वाटते, कारण चांगल्या हेतूच्या आवरणाखाली ते दिसत नाही.

नेदरलँड्समध्ये २०१६ च्या कायद्याने सामाजिक गृहसंस्थांना अशा सुधारलेल्या घरांच्या भाडेकरूंकडून ऊर्जा-कामगिरीचे वेगळे शुल्क घेता येते, मात्र घराने ठरलेली कामगिरी प्रत्यक्षात दिली पाहिजे, अशी त्याला अट आहे. भाडेकरूचा एकूण महिन्याचा खर्च वाढू नये, अशी या रचनेमागची कल्पना आहे. न्यूझीलंडने सरळ किमान अट घातली: १ जुलै २०१९ पासून, जेथे शक्य असेल तेथे, भाड्याच्या घरांत छताला आणि जमिनीखाली उष्णतारोधक थर असणे सक्तीचे झाले.

न्यूझीलंडच्या या निर्णयामागे चांगला पुरावा होता. फिलिपा हाउडन-चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी उत्पन्नाच्या सात वस्त्यांतील १,३५० घरांचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्या घरांना आधी रोधक थर बसवला आणि उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. सुधारलेल्या घरांत शयनगृहाचे तापमान सरासरी अर्धा अंशच वाढले, पण ओल कमी झाली, मुलांची शाळा आणि मोठ्यांचे काम बुडणे घटले, आणि रहिवाशांनी स्वतः सांगितलेले आरोग्य सुधारले. पुढे देशव्यापी योजनेचे मूल्यमापन झाले तेव्हा एकूण लाभातला बहुतांश भाग वीजबचतीचा नसून आरोग्याचा असल्याचे आढळले. केवळ किती वर्षांत खर्च वसूल होईल, एवढ्याच प्रश्नावर जी योजना तपासली जाते, तिच्यातून हा सगळा लाभ निसटतो.

बचतीचे अंदाज फुगण्याचेही एक कारण येथेच आहे. मिन्ना सुनिक्का-ब्लँक आणि रे गॅल्विन यांनी २०१२ मध्ये दाखवले की जर्मनीतील घरांत प्रत्यक्ष ऊर्जावापर गणिताने काढलेल्या वापरापेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी कमी होता, आणि घर जितके वाईट तितकी ही तफावत अधिक. माणसे आधीच काटकसर करत होती. अशा घराची सुधारणा केल्यावर कुटुंब प्रथमच पुरेशी ऊब घेते, आणि कागदावरची बचत पूर्ण मिळत नाही. याला योजनेचे अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र न मिळणाऱ्या बचतीच्या भरवशावर कर्ज काढणे किंवा भाडे वाढवणे हेही तितकेच अन्यायाचे आहे.

घराबाहेर, वस्तीत

घराचे तापमान त्याच्या भिंतींइतकेच आजूबाजूच्या झाडांवर, डांबरावर आणि मोकळ्या जमिनीवर अवलंबून असते. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर काही वस्त्या, ज्यांत कृष्णवर्णीयांच्या बहुतेक वस्त्या होत्या, लाल रंगाने दाखवून तिथे गृहकर्ज देणे धोक्याचे ठरवले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०८ शहरांच्या अभ्यासात त्याच वस्त्या आजही इतर वस्त्यांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सियसने अधिक तापतात असे दिसले. जिथे कर्ज गेले नाही तिथे झाडे आणि बागाही गेल्या नाहीत.

स्वीडनमधील माल्मो शहराच्या ऑगस्टेनबोर्ग वसाहतीत १९९८ पासून झालेले काम पाहिले की वस्तीच्या पातळीवर काय करता येते हे कळते. १९५० च्या सुमाराची ही सुमारे १,८०० भाड्याच्या घरांची वसाहत होती. पावसाचे पाणी तळघरांत शिरत असे आणि लोक सोडून जात होते. उघडे पाट, छोटी तळी आणि छतांवर हिरवळ यांच्या साहाय्याने पाणी जमिनीवरच खेळवले गेले, इमारतींची ऊर्जा-दुरुस्ती झाली, आणि आराखड्यात रहिवाशांचा सहभाग घेतला गेला. पुराचा त्रास कमी झाला आणि घरे सोडून जाणाऱ्यांचे प्रमाणही घटले.

पण वस्ती सुंदर झाली की तिथल्या जमिनीची किंमत वाढते, आणि भाडेवाढीच्या रूपाने ती वाढ पहिल्या रहिवाशांवर कोसळू शकते. अमेरिकेत १९९० च्या दशकातल्या होप-६ या कार्यक्रमात जुन्या सार्वजनिक वसाहती पाडून मिश्र उत्पन्नाच्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या, परंतु मूळ कुटुंबांपैकी थोडीच तिथे परतू शकली. याला उत्तर म्हणून जमीनच बाजाराबाहेर ठेवण्याचा मार्ग सापडतो. बॉस्टनमध्ये १९८४ साली स्थापन झालेल्या डडली स्ट्रीट नेबरहुड इनिशिएटिव्ह या रहिवाशांच्या संघटनेला १९८८ मध्ये आपल्या वस्तीतल्या ओस पडलेल्या खाजगी जमिनी संपादित करण्याचा अधिकार मिळाला. त्या जमिनी एका सामुदायिक भूविश्वस्त संस्थेकडे राहिल्या आणि घरे मात्र कुटुंबांच्या मालकीची झाली; त्यांखालची जमीन त्यांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळाली. घर विकताना किती किंमत घ्यायची यावर बंधन असल्यामुळे पुढच्या कुटुंबालाही ते परवडते. व्हिएन्नाने १९७० च्या दशकापासून जुन्या इमारती रहिवाशांना न हलवता टप्प्याटप्प्याने सुधारण्याचा मार्ग धरला, आणि सार्वजनिक निधी घेणाऱ्या मालकांवर भाड्याची मर्यादा घातली. अनुदानाबरोबर अट असावी, ही साधी गोष्ट आहे, आणि ती करारात लिहिली गेली तरच टिकते.

म्हणून अशी योजना आपल्या वस्तीत येते तेव्हा रहिवाशांनी काही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: काम संपल्यावर भाडे आणि बिल मिळून महिन्याचा खर्च किती होईल, ही मर्यादा किती वर्षे टिकेल, काम चालू असताना कुटुंबे कोठे राहतील आणि परत येण्याचा हक्क कोणत्या कागदावर असेल. काम पूर्ण झाल्यानंतर निदान दोन वर्षे तापमान, आर्द्रता आणि मीटरचे वाचन नोंदवले जावे, आणि त्या नोंदी रहिवाशांनाही पाहता याव्यात. वायुवीजन यंत्रणेच्या गाळण्या ठरावीक काळाने बदलाव्या लागतात, छताचा रंग पुन्हा द्यावा लागतो, सौरपट्ट्या धुवाव्या लागतात. हे काम कोण करणार आणि त्याचे पैसे कोणत्या निधीतून येणार, हे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्यावे.